लोगोच्या आधीचे एक पान: क्लायंटच्या कामात ब्रँड स्ट्रॅटेजी कशी वापरावी

बडोद्यात डिझाइनचे काम करणाऱ्याकडे येणारी बहुतेक कामे वस्तूच्या नावाने येतात. कोणाला लोगो हवा असतो, कोणाला पाउच, कोणाला प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी बॅनर, तर कोणाला दिवाळीपूर्वी नवा बॉक्स. काम सांगणाऱ्याच्या मनात मात्र त्या वस्तूमागे वेगळीच अडचण असते: शेजारच्या दुकानाने गिऱ्हाईक ओढलेले असते, मुलगा धंद्यात आलेला असतो आणि त्याला पुण्या-मुंबईला माल पाठवायचा असतो, किंवा एखाद्या मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात आपले कोटेशन कोणी नीट वाचतच नाही अशी शंका असते. ही अडचण नेमकी कोणती, ती कोणत्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत सोडवायची आणि त्यासाठी कोणत्या गोष्टी मुद्दाम करायच्या नाहीत, हे स्केचला हात घालण्यापूर्वी क्लायंटबरोबर बसून ठरवणे आणि एका पानावर लिहून घेणे, एवढ्याच अर्थाने ‘ब्रँड स्ट्रॅटेजी’ हा शब्द येथे वापरला आहे. डिझाइनरला काम देतो तो क्लायंट आणि त्या क्लायंटकडून माल घेतो ते गिऱ्हाईक, असा फरकही पुढे पाळला आहे.

असे पान नसेल तर काय होते, ते या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वडिलांना लाल रंग हवा असतो, मुलाला काळा, सुनेला इन्स्टाग्रामवर पाहिलेला एक लोगो आवडलेला असतो आणि शेवटच्या बैठकीला अचानक हजर झालेल्या सीए मित्राचे म्हणणे असते की नाव मोठे करा. यातले कोणीही चूक नसते, कारण बरोबर काय हे ठरवायला आवडीखेरीज दुसरे मापच टेबलावर नसते. पान असेल तर वाद मिटत नाहीत, पण त्यांचा विषय बदलतो. ‘मला आवडले का’ याऐवजी ‘आपण ज्या माणसासाठी हे करतो आहोत त्याला हे दुकानात दिसेल का, कळेल का’ असे बोलणे सुरू होते. माझ्या मते स्ट्रॅटेजीचा डिझाइनरला होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

पहिल्या भेटीत काय विचारावे

पहिल्या भेटीत रंग, फाँट आणि आवडते लोगो यांविषयी काहीही विचारू नये. एकदा क्लायंटने ‘मला निळा आवडतो’ असे म्हटले की ते वाक्य पुढे कामाच्या शेवटापर्यंत पाठ सोडत नाही. त्याऐवजी विक्रीबद्दल विचारावे. गेल्या वर्षी कोणत्या मालाने खरा नफा दिला आणि कोणता माल केवळ सवयीने चालू आहे? भाव दहा टक्क्यांनी वाढवला तर कोण टिकेल आणि कोण जाईल? शेवटची तक्रार कशाबद्दल होती? नवीन गिऱ्हाईक कोणाच्या सांगण्यावरून येते? या प्रश्नांना धंदा करणारा माणूस मोकळेपणाने आणि नेमकी उत्तरे देतो, कारण त्याचे विचार त्याच भाषेत चालतात.

एक प्रश्न मात्र कधीही सोडू नये: तुमचे शटर खाली असेल त्या दिवशी तुमचे गिऱ्हाईक काय करते? स्पर्धक कोण आहे हे या उत्तरातून कळते, आणि पुष्कळदा तो क्लायंटने आधी नाव घेतलेला स्पर्धक नसतो. योगवर्ग चालवणाऱ्या बाईंची स्पर्धा दुसऱ्या योगवर्गाशी असण्यापेक्षा कमाटी बागेत सकाळी फुकट फिरता येण्याशी असू शकते. हे कळले की जाहिरातीत काय सांगायचे तेही बदलते.

‘आमचा माल सगळ्यांसाठी आहे’ आणि ‘आमची क्वालिटीच बोलते’ ही दोन उत्तरे हमखास येतात. त्यांच्यावर वाद घालू नये, पुरावा मागावा. दर्जा म्हणजे नक्की काय, तेल रोज बदलता का, सुटा भाग पाठवण्यापूर्वी प्रत्येक नग मोजता की दर शंभरातला एक, दुरुस्तीला माणूस किती तासांत पोचतो, असे विचारत गेले की दोन-तीन गोष्टी अशा निघतात की ज्या खऱ्या असतात, तपासता येतात आणि शेजारी सहजासहजी म्हणू शकत नाही. पुढच्या कामाचा पाया त्याच गोष्टी असतात.

याच भेटीत आणखी एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: अंतिम होकार कोण देणार? आपल्याकडचे धंदे घरचे असतात आणि गल्ल्यावर बसणारा माणूस निर्णय घेतोच असे नाही. ज्या काकांनी शेवटी मान हलवायची आहे ते पहिल्या बैठकीला नसतील तर ती बैठक पुढे ढकललेली बरी.

जागेवर जाऊन पाहणे

क्लायंट सांगतो ते त्याच्या धंद्याचे वर्णन असते. धंदा काउंटरवर दिसतो. म्हणून दुकान असेल तर वेगवेगळ्या वेळी तेथे उभे राहावे आणि गिऱ्हाईक माल कोणत्या शब्दांत मागते ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. ते दुकानाचे नाव घेते, वस्तूचे नाव घेते, की नुसते बोट दाखवून ‘ते पिवळे द्या’ म्हणते? बोट दाखवले जात असेल तर त्या धंद्याची ओळख रंगात आहे आणि तिला हात लावताना दहा वेळा विचार करावा लागेल. गिऱ्हाईक भाव आधी विचारते की तारीख, पाकीट उलटून मागचा मजकूर वाचते का, पिशवी मागते का, या बारीकसारीक गोष्टींवरून पॅकेजवर काय मोठे असावे ते ठरते.

त्यानंतर ज्या कपाटावर आपला माल ठेवला जाणार आहे त्या कपाटाचे फोटो काढावेत आणि शेजारी ठेवली जाणारी सगळी पाकिटे विकत आणून एका रांगेत मांडावीत. त्या रांगेचा फोटो कृष्णधवल करून पाहिला तर रंगाच्या पलीकडे कोण वेगळे दिसते आणि कोण मिसळून जाते ते ताबडतोब कळते. येथे एक सावधगिरी हवी. वेगळेपणाच्या हौसेपोटी फरसाणाचे पाकीट शांपूसारखे दिसू लागले तर ते वेगळे दिसेल, पण खाण्याचे वाटणार नाही. त्या प्रकारच्या मालाच्या काही खुणा पाळाव्या लागतात आणि एखादीच मोडावी लागते. कोणती मोडायची, हे पान सांगते.

पान कसे लिहावे

पानावर पाच गोष्टी असाव्यात: हे कोणासाठी आहे, तो माणूस आज याच्याऐवजी काय घेतो, त्याने आपल्यावर विश्वास का ठेवावा, आपण काय करणार नाही, आणि आपण कोणत्या सुरात बोलणार. यापेक्षा जास्त लिहिण्याचा मोह होतो, आणि मोठ्या एजन्सींच्या चाळीस स्लाइडांच्या सादरीकरणांमुळे तो वाढतोही. पण दुकानदार ज्या कागदाकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही तो कागद कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी निर्णयाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक धंदा घेऊ. समजा, दांडिया बाजाराच्या आसपास एका मराठी कुटुंबाचे जुने फरसाणाचे दुकान आहे आणि त्यांचा लीलो चेवडो चांगला खपतो. हा चिवडा बटाटा आणि चण्याच्या डाळीचा, किंचित गोड आणि नेहमीच्या सुक्या चिवड्यापेक्षा ओलसर असतो. तिसऱ्या पिढीतल्या मुलाला ‘पॅकेजिंग मॉडर्न’ करून हवे आहे.

येथे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे शहरभरच्या किराणा दुकानांत छोटी पाउचे ठेवून रोजच्या चहाबरोबरचा खाऊ बनणे. या रस्त्यावर बालाजी आणि हल्दीराम यांसारख्या मोठ्या कंपन्या भाव आणि वितरण या दोन्ही बाबतींत आधीपासून उभ्या आहेत. शिवाय किराणावाल्याला महिनोन्‌महिने टिकणारा माल हवा असतो, तो उधारी मागतो आणि न खपलेला माल परत करतो. ओलसर पदार्थाला हे सगळेच जड जाते. दुसरा रस्ता म्हणजे बडोद्याहून बाहेरगावी जाताना बॅगेत नेण्याची भेट बनणे. या रस्त्यावर टिकण्याची मुदत कमी असणे हा दोष उरत नाही, उलट ताजेपणाचा पुरावा ठरू शकतो. दुसरा रस्ता निवडला तर पान साधारण असे होईल:

कोणासाठी: बडोद्याहून पुणे, मुंबई किंवा परदेशी नातेवाइकांकडे जाणारा माणूस, आणि बडोदा सोडून गेलेला पण चव न विसरलेला माणूस.

कशाऐवजी: पेढ्यांचा किंवा सुक्या मेव्याचा डबा.

विश्वास कशामुळे: चिवडा याच दुकानात, गिऱ्हाइकाला दिसेल असा तळला जातो, आणि तळल्याची तारीख प्रत्येक डब्यावर मोठ्या आकड्यांत असते.

काय करणार नाही: पाच-दहा रुपयांची पाउचे, ‘एकावर एक फुकट’, आणि एकाच नावाखाली चाळीस प्रकार.

सूर: घरातल्या वडीलधाऱ्याचा, थोडा मिश्कील, ‘शाही’, ‘रॉयल’ आणि ‘राजवाडी’ हे शब्द वर्ज्य.

शेवटची ओळ बडोद्यात विशेष महत्त्वाची आहे. लक्ष्मी विलास राजवाड्याची कमान आणि वडाचे झाड ही दोन चित्रे येथे इतक्या पाट्यांवर आणि डब्यांवर आहेत की त्यांनी शहर कळते, दुकान कळत नाही. ती वापरू नयेत असे नाही. पण ज्याला वेगळे ओळखले जायचे आहे त्याने त्यांवर भिस्त ठेवू नये.

‘काय करणार नाही’ ही ओळ लिहिताना क्लायंट सर्वांत जास्त अडतो, आणि ती लिहून होईपर्यंत पान पूर्ण झाले असे समजू नये. ज्या वाक्याच्या विरुद्ध वाक्य कोणी शहाणा माणूस म्हणणारच नाही, ते वाक्य म्हणजे निवड नव्हे. ‘आम्ही प्रामाणिक आहोत’ हे तसे वाक्य आहे. ‘आम्ही छोटे पाउच काढणार नाही’ ही निवड आहे, कारण शेजारचा अगदी योग्य कारणाने ते काढतो आहे.

पान झाले की त्यावर तारीख घालून दोघांनी सही करावी. कोर्टात दाखवण्यासाठी ती सही नसते. तीन आठवड्यांनी मत बदलले तर आधी पान बदलावे लागेल आणि मगच डिझाइन, एवढी शिस्त तिच्यामुळे येते.

पानावरून डिझाइनकडे

आता त्या पाच ओळींतून काय काय निघते ते पाहू, कारण स्ट्रॅटेजी लिहून बाजूला ठेवली आणि मग मनाला येईल तसे डिझाइन केले, तर सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

माल भेट म्हणून जाणार असेल तर पहिला निर्णय आकाराचा असतो. डबा रेल्वेच्या बर्थखाली किंवा विमानाच्या बॅगेत चेपला जाऊ नये, एकावर एक रचता यावा आणि आतल्या तेलाचा डाग बाहेर येऊ नये. म्हणजे आत लॅमिनेट केलेली सीलबंद पिशवी आणि बाहेर जाड पुठ्ठ्याचा बॉक्स. येथून छपाईची पद्धतही ठरते. रोजच्या पाउचचा रस्ता घेतला असता तर ग्रॅव्ह्युअर छपाई करावी लागली असती, तीत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि छपाई मोठ्या प्रमाणातच परवडते. तेथे रंग कमी ठेवणे हा थेट पैशांचा प्रश्न असतो आणि एकदा कोरलेल्या सिलिंडरवरचा मजकूर बदलणे महाग पडते. पुठ्ठ्याच्या बॉक्सला ऑफसेट चालते, कमी नग छापता येतात, आणि दिवाळीला किंवा लग्नसराईला वेगळी आवृत्ती काढता येते. ज्या डिझाइनरने रस्ता न ठरवता आधी आठ रंगांचे सुंदर पाउच काढून दाखवले, त्याने नकळत क्लायंटच्या भांडवलाचा निर्णय घेऊन टाकलेला असतो.

दुसरा निर्णय मजकुराचा. पॅकबंद मालावर काय छापावे हे पूर्णपणे आपल्या हातात नसते. वैधमापनाच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क द्यावा लागतो; खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे बोधचिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक, घटक, पोषणमूल्ये, तारखा आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह यांनाही जागा लागते, आणि अक्षरांच्या किमान उंचीचेही नियम आहेत. हे सगळे शेवटी ‘मागे कुठेतरी’ बसवायचे म्हटले की मांडणी कोलमडते. म्हणून सक्तीचा मजकूर आधी मांडून घ्यावा आणि उरलेल्या जागेत एकच गोष्ट मोठी सांगावी. आपल्या उदाहरणात ती गोष्ट तारीख आहे: नियमाने द्यावीच लागणारी तारीख मोठ्या आकड्यांत पुढच्या बाजूला आणली, तर तीच विश्वासाचे कारण होते. असा निर्णय रंगांच्या नमुन्यांतून सुचत नाही, तो पानावरच्या तिसऱ्या ओळीतून येतो.

तिसरा आणि बडोद्यात सर्वांत रसाळ निर्णय लिपीचा आहे. येथला धंदा गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांमध्ये वावरतो. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते आणि देवनागरीचा सगळा ठसा शिरोरेषेवर उभा असतो, त्यामुळे एका लिपीत काढलेला अक्षरलोगो दुसरीत जसाच्या तसा उतरवता येत नाही. देवनागरीत ओळीला छत असते, गुजरातीत तेच नाव मोकळे आणि गोलसर दिसते, आणि रोमनची उंचीची गणिते निराळीच असतात. तिन्हींमध्ये एकसारखे दिसण्याचा अट्टहास केला तर तिन्ही ओढूनताणून केलेली वाटतात. त्याऐवजी रेषेची जाडी, टोकांचा आकार आणि अक्षरांतला मोकळेपणा जुळवावा, आणि मुख्य लिपी कोणती हे पानावरून ठरवावे. पुण्यात जाणाऱ्या डब्यावर देवनागरी हवी, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण पानावर ‘बडोद्याहून आणलेली भेट’ असे लिहिले असेल तर पुढच्या बाजूची मोठी गुजराती अक्षरेच माल कुठून आला त्याची साक्ष देतात, आणि ज्यांना ती वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी खाली देवनागरी ओळ पुरते. किराण्याचा रस्ता घेतला असता तर हाच निर्णय उलटा झाला असता.

मजकुरासाठी तयार फाँट निवडताना गुजराती आणि रोमन एकत्र विचार करून घडवलेली कुटुंबे पाहावीत. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेची ‘मुक्ता वाणी’ आणि इंडियन टाइप फाउंड्रीची, आपल्या शहराचे नाव धारण करणारी ‘हिंद वडोदरा’ ही दोन्ही गूगल फाँट्सवर मोफत मिळतात, आणि देवनागरीसाठी त्यांच्याच घराण्यातल्या ‘मुक्ता’ व ‘हिंद’ वापरल्या तर तीन लिप्यांचा मजकूर एका हाताचा वाटतो. लोगोची अक्षरे मात्र शक्य असेल तर हाताने काढावीत.

हेच पान मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी लिहिले तर निघणारे डिझाइन इतके वेगळे असते की ते त्याच धंद्यातल्या माणसाचे काम आहे यावर विश्वास बसू नये. तेथे माल घेणारा माणूस खरेदी विभागातला अभियंता असतो, तो तीन कोटेशने शेजारी ठेवून वाचतो, आणि त्याची भीती एकच असते की माल वेळेवर आला नाही किंवा मापात बसला नाही तर जबाब त्याला द्यावा लागेल. अशा ठिकाणी लोगोवर महिनाभर घालवण्यापेक्षा कोटेशनचा नमुना, चाचणी प्रमाणपत्राची मांडणी, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट, पेटीवरचे लेबल आणि ईमेलच्या फाइलचे नाव या गोष्टी नीट करणे हेच ब्रँडचे काम आहे. क्लायंटला हे सुरुवातीला पटत नाही, कारण त्याला लोगो दिसतो आणि मालाबरोबर जाणारे डिलिव्हरी चलन दिसत नाही. त्याच्या गिऱ्हाइकाला मात्र दर आठवड्याला चलनच दिसते.

जुनी ओळख असेल तेव्हा

नव्या धंद्यापेक्षा जुन्या धंद्याचे काम अवघड असते, कारण लोकांच्या मनात आधीच काहीतरी बसलेले असते आणि ते काय आहे हे क्लायंटलाही ठाऊक नसते. पेप्सिकोने अमेरिकेत २००९ च्या सुरुवातीला ट्रॉपिकानाच्या संत्र्याच्या रसाचे पॅक बदलले आणि स्ट्रॉ खोचलेले संत्रे काढून त्या जागी रसाचा पेला आणला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुने पॅक परत आणले. नवे पॅक कुरूप नव्हते. खरेदी करणाऱ्याची नजर ज्या खुणेवर अडकत होती तीच खूण गेली होती.

याची चाचणी सोपी आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना कोरा कागद देऊन सध्याची पाटी किंवा पाकीट आठवणीने काढायला सांगावे. चित्र वेडेवाकडे येईल, पण बहुतेकांच्या कागदावर जे सारखे उमटेल ते राखावे आणि जे कोणालाच आठवत नाही ते बेलाशक बदलावे. आजोबांच्या काळचा सिंह मालकाला प्राणाहून प्रिय असतो आणि गिऱ्हाइकाच्या कागदावर त्याचा पत्ताही नसतो, असे सहज घडू शकते. उलट दोरी बांधण्याची पद्धत सर्वांनी काढलेली असू शकते.

आपल्या शहराचेच उदाहरण द्यायचे तर महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाने २००५ मध्ये आपली ओळख बदलली आणि दोन ‘बी’ अक्षरांतून निघणाऱ्या किरणांचा केशरी सूर्य आणला. नाव बदलले नाही, ज्या गावाचे नाव घेऊन बँक जगभर गेली ते गाव सोडले नाही, पण चिन्ह असे घेतले की जे वाचावे लागत नाही. शेतकऱ्यापासून परदेशातल्या शाखेपर्यंत सर्वांना ओळखता येणारे एक चिन्ह ही त्या संस्थेची खरी गरज होती, असे मला वाटते. २०१९ मध्ये विजया आणि देना या दोन बँका तिच्यात विलीन झाल्यावरही सूर्यच टिकला. एखादे चिन्ह चांगले आहे की नाही यापेक्षा ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे विचारण्याची सवय लावायची असेल तर रस्त्यावरची ही पाटी पुरेशी आहे.

सादरीकरण, मानधन आणि कागदपत्रे

डिझाइन दाखवण्याच्या बैठकीत आधी पान वाचावे, मोठ्याने आणि सावकाश, मग काम दाखवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर लोगोचा फोटो पाठवून ‘कसे वाटते’ असे विचारू नये. तो फोटो पंधरा मिनिटांत घरातल्या सर्वांपर्यंत पोचतो आणि पान कोणापर्यंतच पोचत नाही. पर्याय दोनच द्यावेत आणि दोन्ही पानाला धरून असावेत. भरीसाठी टाकलेला तिसरा पर्यायच निवडला जातो, हा या व्यवसायातला जुना अनुभव आहे. लोगो कोऱ्या पांढऱ्या पानावर दाखवण्यापेक्षा कपाटावरच्या फोटोत, शेजारच्या पाकिटांमध्ये बसवून दाखवावा.

स्ट्रॅटेजीचे पैसे वेगळे सांगावेत आणि वेगळे घ्यावेत. फुकट दिलेले पान क्लायंटला गप्पांसारखे वाटते. छोट्या कामात एकूण मानधनाचा पाचवा भाग या टप्प्यासाठी मागणे मला रास्त वाटते, आणि हा टप्पा संपल्यावर दोघांपैकी कोणालाही थांबता यावे अशी मुभा असावी. वेळेचेही तसेच. नवरात्रात सुरू केलेले काम दिवाळीत दुकानात हवे असेल तर जागेवर जाऊन पाहण्याचा टप्पा हमखास गळतो. अशा वेळी या दिवाळीपुरते जुन्या बॉक्सवर एक पट्टी लावून मूळ काम लाभपाचमेनंतर, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीनंतर, हाती घ्यावे, असे स्पष्ट सांगितलेले चांगले.

नावाच्या बाबतीत पान आणि कायदा यांची गाठ आधीच घालून घ्यावी. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यानुसार केवळ मालाचे वर्णन करणारे किंवा केवळ जागा सांगणारे शब्द नोंदवून घेणे अवघड असते. म्हणजे आपल्या काल्पनिक दुकानाने ‘बडोदा लीलो चेवडो’ एवढेच नाव ठेवले तर ते उद्या शेजारीही वापरू शकेल. गाव आणि पदार्थ यांच्या जोडीला स्वतःचे असे एक नाव लागेल, आणि पॅकेजवर त्याला तशी जागा द्यावी लागेल. नाव सुचवण्यापूर्वी ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध घ्यावा. गुजरातचे अर्ज अहमदाबादच्या कार्यालयाकडे जातात, वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, आणि नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझाइनरने कॉपीराइटचा मुद्दाही करारात लिहावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे नोकरी देणारा असतो, पण स्वतंत्र डिझाइनरने काढलेल्या लोगोच्या बाबतीत पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप क्लायंटकडे गेले असे समजता येत नाही. हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते, आणि कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. ज्या क्लायंटच्या पानावर परदेशी नातेवाईक आहेत त्याच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. शेवटचा हप्ता मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी दिले जातील, असे एक वाक्य दोघांच्याही हिताचे असते.

सगळ्याच कामांना हा खटाटोप लागत नाही. गरब्याचा पास, वाढदिवसाचा फ्लेक्स, एका दिवसाच्या सेलचे पत्रक यांच्यासाठी पान लिहायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. तेथे नीट वाचता येणारी अक्षरे आणि बरोबर तारीख पुरे. जी गोष्ट दोन-तीन वर्षे वापरात राहणार आहे, किंवा जिच्या छपाईत मोठी रक्कम अडकणार आहे, तिच्यासाठी पान लिहावे.

माल बाजारात गेल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा दुकानात जावे. गिऱ्हाईक आता कोणत्या शब्दांत माल मागते, कोणता आकार संपतो आणि कोणता उरतो, भेट म्हणून नेणारे लोक पिशवी वेगळी मागतात का, हे पहिल्या वेळच्या टिपणांशी ताडून पाहावे. काउंटरवरच्या माणसाने छापील मजकुरावर मार्करने काही लिहिले असेल, एखादे स्टिकर वरून चिकटवले असेल, किंवा बॉक्सला दोरी बांधायला सुरुवात केली असेल, तर त्याचा फोटो काढून पानाला जोडून ठेवावा. पुढच्या छपाईचे ब्रीफ, म्हणजे काय हवे त्याचे लेखी टिपण, त्या फोटोपासून सुरू करावे.